इलियट काउंटीचा कौल

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल येऊ लागले म्हणजे जगाचे लक्ष पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा दोलायमान राज्यांकडे लागते. केंटकीकडे कोणी पाहत नाही. २००० सालापासून हे राज्य प्रत्येक वेळी रिपब्लिकन पक्षाकडे गेले आहे आणि त्याचे आठ निर्वाचक मतमोजणी पुरती सुरू होण्याआधीच त्या पक्षाच्या खाती जमा धरले जातात. असे असले तरी २०१६ च्या नोव्हेंबरात या राज्याच्या ईशान्येकडील डोंगराळ मुलखातल्या एका चिमुकल्या काउंटीत जे घडले, त्याचे महत्त्व आठ निर्वाचकांच्या हिशेबात मावणारे नाही. या काउंटीचे नाव इलियट. १८६९ साली ती स्थापन झाली, १८७२ साली तिने पहिल्यांदा अध्यक्षीय मतदान केले आणि तेव्हापासून २०१२ पर्यंतच्या छत्तीसच्या छत्तीस निवडणुकांत तिने डेमोक्रॅटिक पक्षालाच अधिक मते दिली. साऱ्या अमेरिकेत इतकी लांब आणि अखंड डेमोक्रॅटिक परंपरा दुसऱ्या कोणत्याही काउंटीची नव्हती. २०१६ साली ही परंपरा मोडली. तीही थोडक्या मतांनी नव्हे. डोनाल्ड ट्रम्प यांना २,००० आणि हिलरी क्लिंटन यांना ७४० मते पडली. शंभरांतील सत्तर मते रिपब्लिकन उमेदवाराला!

काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपल्याकडील जिल्ह्यासारखा घटक. पण केंटकीत अशा १२० काउंट्या आहेत आणि २०२० च्या शिरगणतीप्रमाणे इलियटची लोकसंख्या साडेसात हजारांच्याही आत आहे. महाराष्ट्रातील एखादे बाजाराचे गाव याहून मोठे निघेल. सँडी हुक हे तिचे मुख्य ठाणे म्हणजे न्यायकचेरी, शाळा, चर्च आणि काही दुकाने. वस्ती जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या लोकांची, प्रॉटेस्टंट पंथाची आणि गरीब. मोठ्या शहरांतील वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीचे भाष्यकार २०१६ नंतर या डोंगरांकडे धावले आणि त्यांनी दोन ठरीव स्पष्टीकरणे परत आणली. एकाच्या मते हा वर्णद्वेषाचा उद्रेक होता. दुसऱ्याच्या मते अडाणी गरिबांनी आपल्याच हिताविरुद्ध केलेला तो आत्मघात होता. दोन्ही स्पष्टीकरणांत सत्याचा अंश नाही असे नव्हे. परंतु ज्या काउंटीने १४० वर्षे एकाच पक्षाला मत दिले, तिने अखेरीस तसे का केले नाही हे विचारण्यापूर्वी तिने इतकी वर्षे तसे का केले, हे विचारणे अगत्याचे होते. तो प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

या निष्ठेचा उगम विचारसरणीत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. १८७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाने पाठिंबा दिलेले उमेदवार होते होरेस ग्रीली. न्यूयॉर्कचे वृत्तपत्र-संपादक आणि गुलामगिरीचे जुने कट्टर विरोधक. दक्षिणेकडे ओढा असलेल्या डोंगरी शेतकऱ्याला या गृहस्थांविषयी प्रेम वाटण्याचे काहीएक कारण नव्हते. तरी इलियटने त्यांना स्वीकारले. १९२८ साली कॅथलिक पंथाचे आणि दारूबंदीचे विरोधक अल् स्मिथ उभे राहिले, तेव्हा केंटकी राज्य त्यांच्यावर उलटले. इलियट उलटली नाही. १९६० मध्ये दुसरे कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी यांनाही राज्याने नाकारले आणि इलियटने साथ दिली. १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या पदरी साऱ्या देशातून मॅसॅच्युसेट्स हे एकच राज्य आणि राजधानीचा प्रदेश पडला, पण इलियटमधील जवळजवळ दोनतृतीयांश मते त्यांना मिळाली. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रान उठवणाऱ्या, विद्यापीठांतील तरुणांचा नेता समजल्या जाणाऱ्या या उमेदवाराचे आणि सँडी हुकच्या तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे विचार जुळले होते असे कोण म्हणेल? १९८४ साली वॉल्टर मॉन्डेल यांना मिनेसोटा आणि राजधानी एवढेच मिळाले. इलियट याही वेळी मोठ्या मताधिक्याने त्यांच्यामागे उभी होती. उमेदवार कोण आहे हे ती पाहत नव्हती, पक्षाचे नाव पाहत होती.

हे नाव तेथे रुजले ते १८६१ ते १८६५ च्या गृहयुद्धात. केंटकी राज्य संघराज्यात राहिले, पण त्यातील माणसे दोन्ही सैन्यांत गेली आणि डोंगरांत खोऱ्याखोऱ्यांमध्ये, कधी एकाच घराण्यात, वैर माजले. युद्ध संपल्यावर बंदुका खाली ठेवल्या गेल्या आणि तीच बाजू मतपेटीत चालू राहिली. जे संघराज्याच्या बाजूने लढले त्यांची नातवंडे रिपब्लिकन झाली, जे दक्षिणेच्या बाजूने होते त्यांची डेमोक्रॅट. इलियट काउंटीला ज्या घराण्याचे नाव मिळाले, त्यातील जॉन मिल्टन इलियट हे आधी अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये डेमोक्रॅटिक सभासद होते आणि युद्धकाळात दक्षिणेच्या बंडखोर काँग्रेसमध्ये जाऊन बसले. पुढे ते राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १८७९ साली एका नाराज पक्षकाराने राजधानी फ्रँकफर्ट येथे त्यांना गोळी घालून ठार केले. त्या काळच्या केंटकीत राजकारण, न्याय आणि सूड यांच्या सीमारेषा किती पुसट होत्या, हे एवढ्यावरून ध्यानी यावे. १८९१ ची राज्यघटना येईपर्यंत तेथील राज्याच्या निवडणुकांत मत तोंडी सांगण्याची रीत चालू होती. शेजारी, सासरे, सावकार आणि शेरीफ यांच्या देखत ज्याला मत उच्चारावे लागे, त्याच्यापुढे पक्षबदल हा खाजगी निर्णय म्हणून उरतच नसे. तो बिरादरी सोडण्याचा प्रकार ठरे.

याचा पडताळा पाहायचा तर त्याच राज्यातील जॅक्सन काउंटीकडे पाहावे. तीही डोंगराळ, तीही गरीब, गोरी, प्रॉटेस्टंट आणि तंबाखू पिकवणारी. तिला नाव मिळाले आहे अँड्र्यू जॅक्सन यांचे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या आद्य पुरुषाचेच. आणि या काउंटीने गृहयुद्धापासून आजतागायत अध्यक्षपदाच्या एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला बहुमत दिलेले नाही! १९३२ च्या मंदीत हूव्हर यांच्यावर सारा देश संतापला असताना ती हूव्हर यांच्याच मागे राहिली आणि १९६४ साली जॉन्सन यांची लाट आली तेव्हा तिने गोल्डवॉटर यांना निवडले. दारिद्र्य माणसाला डावीकडे नेते किंवा धर्म उजवीकडे नेतो, अशी सूत्रे मांडणाऱ्यांनी या दोन काउंट्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दक्षिणेच्या राजकारणाचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला जो थोर अभ्यास व्ही. ओ. की यांनी केला, त्यात डोंगरांतील रिपब्लिकनांची ही पिढीजात जात त्यांनी नेमकी ओळखली होती. इलियट ही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

तथापि आठवणीवर पक्ष शंभर वर्षे चालत नाही. आजोबांच्या लढाईचे स्मरण नातवाच्या पोटाशी कोठेतरी जोडले जावे लागते. इलियटमध्ये ते जोडले गेले ते तंबाखूमुळे. या काउंटीत कोळशाच्या मोठ्या खाणी नव्हत्या. होते ते डोंगरउतारावरचे तुकड्यातुकड्यांचे शेत आणि त्यात बर्ली जातीची तंबाखू. रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३८ च्या शेतीविषयक कायद्याने या पिकाला कोटा आणि आधारभाव मिळाला. कोटा जमिनीला चिकटलेला असे, तो वारशाने उतरे, गहाण जमिनीची किंमत वाढवी आणि एक-दोन एकरांच्या धन्यालाही हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास, रोख रक्कम हाती देई. मुलांचे बूट, शाळेची फी, दुकानदाराची उधारी या साऱ्यांचा हिशेब त्या लिलावावर ठरलेला असे. सरकार नावाची वस्तू या शेतकऱ्याला दिसली ती या रूपात आणि ती देणाऱ्या पक्षाचे नाव त्याला आजोबांकडून आधीच ठाऊक होते.

दुसरा धागा न्यायकचेरीचा. केंटकीत काउंटीचा प्रमुख, शेरीफ, दफ्तरदार, इतकेच काय तुरुंगाधिकारीसुद्धा लोकांच्या मतांनी आणि पक्षाच्या नावावर निवडला जातो. कारखाने नसलेल्या डोंगरी काउंटीत शिक्षणमंडळ हाच बहुधा सर्वांत मोठा मालक. शिक्षक, स्वयंपाकीण, बसचालक, पहारेकरी यांच्या नेमणुका ज्यांच्या हाती, त्यांच्या शब्दाला वजन. त्यात राज्याच्या कायद्याने पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत त्याच पक्षाच्या नोंदलेल्या मतदारालाच मत देता येते. जेथे डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक जिंकणारा पुढे बिनविरोध निवडून येतो, तेथे त्या पक्षात नाव न नोंदवणे म्हणजे शेरीफ आणि दफ्तरदार कोण व्हावा याबाबतचा आपला हक्क सोडून देणे होय. म्हणून वॉशिंग्टनमधील पक्षाविषयी ज्याच्या मनात कडवट भावना होती, तोही सँडी हुकमध्ये डेमोक्रॅटच राहिला. बाहेरचे लोक नोंदणीचे आकडे पाहून चकित होत. पण ती नोंदणी स्थानिक सोयीचीही होती हे त्यांच्या लक्षात येत नसे. वशिल्याच्या या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शाळांमधील नातेवाईकशाही इतकी माजली होती की १९९० च्या शिक्षणसुधारणा कायद्याने शिक्षणमंडळांचे नेमणुकीचे अधिकार काढून घ्यावे लागले आणि नात्यातल्यांच्या भरतीवर बंधने घालावी लागली. सुधारणा योग्यच होती. मात्र तिने शाळा आणि पक्ष यांच्यामधील दोर कापला, हाही तिचा एक परिणाम होता आणि त्याची मोजदाद कोणी केली नाही.

मग २००४ साली तंबाखूचा कोटा गेला. काँग्रेसने कायदा करून आधारभावाची पद्धत मोडीत काढली आणि कोटाधारकांना दहा वर्षांच्या हप्त्यांनी मोबदला देऊ केला. शेवटचे हप्ते २०१४ साली संपले. त्या पैशाने अनेक वृद्धांची सोय झाली, पण लहान शेतकऱ्याचे तंबाखूशी असलेले नाते संपले. काउंटीत नवे आले ते राज्याचे कारागृह. २००५ साली ते उघडले आणि नोकऱ्यांचा एक आधार झाले. (२०१० च्या शिरगणतीत इलियटची लोकसंख्या वाढलेली दिसते, ती वाढ बऱ्याच अंशी गजाआडची आहे.) तंबाखूच्या जागी तुरुंग, हे स्थित्यंतर कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलेले नव्हते, पण ते झाले दोन्ही पक्षांच्या संमतीने.

येथवर आल्यावर चार निवडणुकांचे आकडे नीट पाहणे उपयुक्त ठरेल, कारण त्यांत या बदलाचे सारे मर्म आहे. २००४ साली जॉन केरी यांना इलियटमध्ये २,०६४ आणि जॉर्ज बुश यांना ८७१ मते मिळाली. २००८ साली बराक ओबामा यांना १,५३५ आणि मॅकेन यांना ९०२. २०१२ साली ओबामा १,१८६, रॉम्नी १,१२६. म्हणजे अवघी साठ मते अधिक. आणि २०१६ चे आकडे वर दिलेच आहेत. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षाची पाचशेहून अधिक मते घटली. ती गेली कोठे? रिपब्लिकनांकडे नव्हे, कारण त्यांची मते वाढली केवळ एकतीस. लोक घरी बसले. पक्ष सोडवेना आणि उमेदवार रुचेना, अशा माणसाने जे करावे तेच त्यांनी केले. २०१२ मध्ये काही पलीकडे गेले आणि आणखी काही घरी राहिले. दोन प्रमुख पक्षांची एकूण मते २,९३५ वरून २,३१२ वर उतरली. २०१६ मध्ये ही संख्या पुन्हा २,७४० वर चढली, आणि डेमोक्रॅटिक मते ४४६ ने घटत असताना रिपब्लिकन मते ८७४ ने वाढली. म्हणजे ट्रम्प यांच्या वाढीतील निम्म्याच्या आसपास मते अशा लोकांची असली पाहिजेत, जे चार वर्षांपूर्वी मतदानकेंद्रावर आलेच नव्हते. बारा वर्षांत काही मतदार मरण पावतात, काही नव्याने वयात येतात. एकेका माणसाचा माग आकड्यांवरून काढता येत नाही हे खरे. पण एकंदर दिशा स्पष्ट आहे. इलियट एका रात्रीत उलटली नाही. ती आधी गप्प झाली आणि मग दुसऱ्या बाजूने बोलली. गप्प बसण्याची ती आठ वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाच्या धुरीणांनी संमती म्हणून वाचली, कारण निकालाच्या तक्त्यावर काउंटी अजून त्यांच्याच रंगात दिसत होती. केंटकी आणि टेनेसीच्या सरहद्दीवरील एका खोऱ्याचा जॉन गाव्हेंटा यांनी केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. सत्ताहीनांचे मौन म्हणजे समाधान नव्हे, हेच त्यांनी तेथील खाणकामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शांततेवरून दाखवले होते. ते पुस्तक विद्यापीठांत नेमले गेले. पक्षकचेऱ्यांत ते कोणी वाचले असावे असे दिसत नाही.

आता वर्णाचा प्रश्न. तो टाळता येणार नाही. २००८ साली देशभर डेमोक्रॅटिक मतांचे प्रमाण सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढले, तेव्हा इलियटमध्ये ते सत्तरवरून एकसष्टावर घसरले. आर्थिक अरिष्टाच्या ऐन भरात, सत्तारूढ रिपब्लिकनांवर लोक चिडलेले असताना, ही घसरण केवळ तंबाखूच्या हिशेबाने उलगडत नाही. उमेदवाराचा रंग हे घरी बसणाऱ्यांपैकी काहींचे कारण होते, असे मानावेच लागेल. पण याच काउंटीतील शंभरांपैकी एकसष्ट गोऱ्या मतदारांनी त्याच उमेदवाराला मत दिले आणि चार वर्षांनी पुन्हा, अल्प का होईना, आघाडी दिली, हेही तितकेच खरे आहे. दक्षिणेतील कितीतरी सुखवस्तू, सुशिक्षित गोऱ्या उपनगरांनी तेवढेही केले नाही. वर्णद्वेषाचा शिक्का मारून हे लोक निकालात काढणाऱ्यांनी २००८ आणि २०१२ चे आकडे सोयीस्करपणे विसरू नयेत. २०१६ साली तर दोन्ही प्रमुख उमेदवार गोरेच होते.

कोळशाचे स्पष्टीकरण त्याहून लोकप्रिय झाले. केंटकीत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सत्तर हजारांवर माणसे खाणींत होती. २०१६ च्या सुमारास ती सात हजारांच्या आत आली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हिलरी क्लिंटन यांनी कोळसा-कंपन्या व खाणकामगार धंद्याबाहेर जातील अशा अर्थाचे वाक्य उच्चारले आणि पुढची सारी मोहीम त्या वाक्याचा खुलासा करण्यात गेली. खाणींच्या मुलखात हे कारण निश्चित लागू पडते. नॉट काउंटी ही १८८४ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून डेमोक्रॅटिक. खाणकामगार संघटनेचा तो बालेकिल्ला. तिने २००८ सालीच पक्ष सोडला. इलियट खाणींची नव्हती आणि ती आठ वर्षे अधिक टिकली. कोळशाने पाडलेल्या भिंती आधी पडल्या, तंबाखूची भिंत नंतर. मात्र दोन्ही ठिकाणी भिंत म्हणजे पक्षाला रोजच्या जीवनाशी बांधणारी एखादी संस्था होती; एके ठिकाणी युनियनची शाखा, दुसरीकडे कोट्याची कचेरी आणि लिलावाचे गोदाम. त्या संस्था उठल्यावर पक्ष उरला तो दूरचित्रवाणीवरचा. आणि दूरचित्रवाणीवरच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चर्च, बंदूक, विवाह, गर्भपात या विषयांतील म्हणणे या डोंगरांतील माणसाला कधीच पटलेले नव्हते. ते न पटतासुद्धा तो मत देत आला होता.

लगतच्या रोवन काउंटीतील प्रसंग या संदर्भात बोलका आहे. तेथील दफ्तरदार किम डेव्हिस २०१४ साली डेमोक्रॅट म्हणून निवडून आल्या होत्या. त्यांच्या आधी अनेक वर्षे ते पद त्यांच्या आईकडे होते. २०१५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना मान्यता दिली, तेव्हा त्यांनी परवाने देण्याचे नाकारले, तुरुंगवास पत्करला आणि सप्टेंबरात पक्ष बदलला. त्यांच्या भूमिकेचे समर्थन करण्याचे कारण नाही. कायद्याने नेमून दिलेले काम नाकारण्याचा हक्क कोणत्याही लोकनियुक्त अधिकाऱ्याला असू शकत नाही. पण घरात वारशासारखे चालत आलेले पक्षाचे नाव किती सहज गळून पडले, हे पाहण्याजोगे होते. आईच्या काळात काउंटीच्या कचेरीतला पक्ष आणि वॉशिंग्टनमधला पक्ष यांची गाठ पडतच नव्हती. मुलीच्या काळात ती एका अर्जावर पडली.

आत्मघाताचा आरोप उरतो. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या काउंट्या ते साहाय्य कापू पाहणाऱ्या पक्षाला मत कसे देतात, असा हा प्रश्न आहे. २०१४ पासून केंटकीत गरिबांच्या आरोग्यविम्याचा विस्तार झाला आणि पूर्वेकडील डोंगरांना त्याचा मोठा लाभ झाला. पुढच्याच वर्षी तो विस्तार गुंडाळण्याची भाषा करणारे मॅट बेव्हिन गव्हर्नर झाले. पण त्या निवडणुकीत राज्यात सुमारे तीस टक्केच मतदान झाले होते. ज्याला कार्ड मिळाले तो मतदानाला आला होता, असे गृहीत धरण्याचे कारण काय? आणि जो आला तो बहुधा एक पायरी वरचा: तुरुंगावरचा पहारेकरी, बसचालक, ज्याला स्वतःला विम्याचा हप्ता भरावा लागतो आणि शेजाऱ्याला फुकट मिळालेला दिसतो. त्याची असूया उदात्त नाही, पण ती मूर्खपणाची म्हणता येत नाही. शिवाय हित म्हणजे केवळ महिन्याच्या खर्चाचा ताळा असे मानणारे भाष्यकार स्वतः मात्र आपल्या कराच्या हिताविरुद्ध मत देताना त्याला तत्त्वनिष्ठा म्हणतात. श्रीमंताची ती तत्त्वनिष्ठा आणि गरिबाची ती फसगत, हा न्याय विचित्र आहे.

त्यापेक्षा अधिक गंभीर प्रश्न वेगळा आहे. एवढ्या दीर्घ निष्ठेने इलियटला मिळवून काय दिले? राज्याचे सर्व निर्वाचक एकगठ्ठा जातात. तेव्हा केंटकी रिपब्लिकन झाल्यापासून इलियटच्या अध्यक्षीय मताला व्यवहारात मोल नव्हते, आणि त्याआधीही हमखास मिळणारे मत म्हणून ते कोणी विकत घेण्याची गरज नव्हती. काउंटीने जे मिळवले ते आपल्या स्थानिक माणसांकडून. सँडी हुकचे रॉकी अॅडकिन्स १९८७ पासून राज्याच्या प्रतिनिधिगृहात होते आणि अनेक वर्षे तेथील बहुमतपक्षाचे नेते. रस्ते, शाळा आणि ते कारागृह यांचा विचार अशा माणसांना वगळून करता येत नाही. २०१९ साली ते गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत अँडी बेशिअर यांच्याकडून हरले, पण सरत्या शरदात इलियटने बेशिअर यांनाच बहुमत दिले. ट्रम्प यांना सत्तर टक्के मते देऊन तीन वर्षे झाली असतानाही! स्थानिक धागा शाबूत होता तोवर जुने मत पुन्हा उमटले. मग अॅडकिन्स नव्या गव्हर्नरांचे सल्लागार झाले, त्यांची जागा रिकामी झाली आणि फेब्रुवारी २०२० च्या पोटनिवडणुकीत तो मतदारसंघ रिपब्लिकनांकडे गेला. त्याच नोव्हेंबरात काउंटीने ट्रम्प यांना तीनचतुर्थांश मते दिली, आणि २०२४ मध्येही तिचा कौल तोच राहिला.

२०२२ च्या जुलैत राज्यातील नोंदलेल्या रिपब्लिकनांची संख्या इतिहासात प्रथमच डेमोक्रॅटांपेक्षा अधिक झाली. डोंगरातल्या काउंट्यांत नोंदणी मतापेक्षा सावकाश बदलते, याची कारणे वर आलीच आहेत. परंतु ज्या दिवशी शेरीफ आणि दफ्तरदार रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत ठरू लागतील, त्या दिवशी उरलेले मतदारही तिकडे नावे नोंदवतील. आणि मग इलियट पुन्हा एकपक्षीय होईल, जशी जॅक्सन आहे. तिचे मत पुन्हा गृहीत धरले जाईल, फक्त दुसऱ्या पक्षाकडून. या पक्षाने तंबाखूच्या जागी काय दिले आहे, हे विचारण्याची संधी या मतदाराला पुढील काही निवडणुकांतच आहे. आणि विचारावे तर कोणाला, हाही प्रश्न आहे, कारण अध्यक्षपदाच्या दोघांही उमेदवारांना सँडी हुकला जाण्याचे प्रयोजन उरलेले नाही.